टाकळीची बारा वर्षे : भयातून निर्भयतेकडे

भाविकहो, नाशिक-पंचवटीच्या या पुण्यभूमीत आपण काही मागणे घेऊन आला असाल. मागण्याच्या तळाशी पुष्कळदा एखादे भय असते. घरातील कोणाचे आजारपण, मुलाची परीक्षा, डोक्यावरील कर्ज, एकाकी म्हातारपण. भय घेऊन देवाच्या दारी येण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र परत जाताना त्या भयाला तोंड देण्याचे बळ सोबत न्यावयाचे असेल, तर पंचवटीपासून जवळच असलेल्या टाकळी या स्थानाची कथा मनात साठवावी.

मराठवाड्यातील जांब येथे इ. स. १६०८ मध्ये रामनवमीस जन्मलेला नारायण सूर्याजीपंत ठोसर हाच पुढे समर्थ रामदास झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असता ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि तो मंडपातून निघून पायी नाशिकला आला, असे समर्थ परंपरा सांगते. परका गाव, गाठीशी काही नाही, पाठीशी कोणी नाही. अशा वेळी त्या बालकाने प्रभू रामचंद्राचा आधार धरला.

गोदावरी व नंदिनी (नासर्डी) यांच्या संगमाजवळ टाकळी येथे त्याने बारा वर्षे उपासना केली. पहाटे नदीच्या पात्रात उभे राहून माध्यान्हापर्यंत गायत्रीचा व तेरा अक्षरी राममंत्राचा जप करावा, मग पंचवटीत मधुकरी मागावी, दुपारनंतर ग्रंथांचे वाचन व श्रवण करावे, असा नित्यक्रम होता. थंडी, पूर, एकांत, कशानेही त्यात खंड पडू दिला नाही. दख्खनला होरपळून काढणारा १६३०-३२ चा दुष्काळही याच काळातील. पुढे टाकळीत गोमयाच्या मारुतीची स्थापना करून समर्थ देशाटनास निघाले. तो गोमय मारुती आजही तेथे दर्शन देतो.

उपास्य दैवत म्हणून समर्थांनी मारुतिरायाला गावोगावी नेले, यातही मोठा अर्थ आहे. समुद्रतीरी सारी वानरसेना हताश होऊन बसली असता हनुमंतही मौन धरून एका बाजूस होता. जांबवंताने त्याला त्याच्या बळाची आठवण करून दिली, तेव्हाच तो उड्डाणास सिद्ध झाला. आपल्या ठायी ईश्वराने ठेवलेल्या, परंतु भयाने झाकोळलेल्या बळाचे असेच स्मरण श्रद्धा करून देते. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून समर्थांचे मारुतिस्तोत्र म्हणण्याची आपल्या घरांतील चाल याचसाठी मोलाची आहे. अंधाराची भीती वाटण्याच्या वेळीच लहान मूल ते मोठ्याने म्हणते.

समर्थांच्या मनाच्या श्लोकांत २०५ श्लोक आहेत आणि त्यांतील उपदेश मनाला उद्देशून आहे. भय प्रथम मनात शिरते, म्हणून धीराचे शब्दही प्रथम स्वतःच्या मनालाच सांगावे लागतात.

या चरित्रातून घ्यावयाचा बोध असा :

१) भय ओळखावे. आपणास नेमके कशाचे भय वाटते, ते देवापुढे स्पष्ट शब्दांत बोलावे. मोघम भय मोठे भासते. नाव घेतले की त्याला सीमा येते.

२) उपासना लहान असली तरी नित्य असावी. संकटाच्या दिवशी केलेल्या मोठ्या नवसापेक्षा रोजची पाच मिनिटे मनाला अधिक घडवितात. टाकळीचे सामर्थ्य एका रात्रीत आले नाही, त्याला बारा वर्षे लागली.

३) श्रद्धेला प्रयत्नाची जोड द्यावी. रुग्णाने औषध घ्यावे, विद्यार्थ्याने अभ्यास करावा, ऋणकऱ्याने सावकाराला समोरासमोर भेटावे. रामनाम घेत हनुमंताने समुद्र स्वतः ओलांडला.

४) आपले भय थोडे ओसरले की दुसऱ्या भयभीताच्या पाठीवर हात ठेवावा. समर्थांनी टाकळीतील तपाचे बळ पुढे समाजाच्या उभारणीसाठी वेचले.

दर्शनाच्या गडबडीतून वेळ काढून टाकळीस अवश्य जावे. मारुतिरायापुढे क्षणभर डोळे मिटावेत आणि एका बारा वर्षांच्या मुलाने पहाटेच्या गार पाण्यात टाकलेले पहिले पाऊल आठवावे. घरी परतल्यावर जे टाळत आलो, त्याकडे आपलेही पहिले पाऊल पडो, हीच प्रभू रामचंद्राच्या चरणी प्रार्थना.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥