चौकात बाजूने बसलेला मार

गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला ३ जून २०१४ रोजी भल्या सकाळी दिल्लीतल्या एका चौकात दुसऱ्या गाडीची धडक बसली. केंद्रात मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता, आणि बीडच्या विजयी मेळाव्याला यायचं म्हणून ते विमानतळाकडे निघाले होते. धडक देणाऱ्या गाडीच्या चालकाने सिग्नल तोडल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर मतदारसंघाने त्यांना वर्षानुवर्षं विधानसभेत पाठवलेलं, त्यामुळे त्या दिवशी इकडच्या गावागावांत चुली पेटल्या नाहीत. आज मी त्यांची आठवण काढतोय ती मात्र एक डॉक्टर या नात्याने.

त्यांच्या अंगावर बाहेरून मोठी जखम नव्हती. शवविच्छेदनात यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाल्याचं आणि मानेच्या मणक्यांना मार बसल्याचं आढळलं. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता आणि धडक ते बसले होते त्याच बाजूने आली. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की, मागे बसूनही पट्टा लावला असता तर मुंडे वाचले असते.

वाचकहो, सिग्नल तोडल्यामुळे होणारा अपघात आम्हा डॉक्टरांना वेगळा दिसतो तो याच कारणाने. समोरासमोर धडक झाली तर गाडीचं बॉनेट चेपतं, इंजिनचा भाग मार खातो, एअरबॅग उघडते. चौकात आडवी आलेली गाडी थेट दारावर आदळते. दार आणि तुमच्या बरगड्या यांच्यात वीतभर अंतर असतं. डाव्या बाजूने मार बसला तर बरगड्यांखालची प्लीहा फाटते, उजवीकडून बसला तर यकृत. कमरेचं हाड मोडलं तर त्याच्या आतल्या आत दोन-तीन लिटर रक्त साचू शकतं आणि बाहेर चादरीवर एक थेंबही दिसत नाही. दुचाकीवाल्याला तर दारही नसतं. त्याची पोटरी दोन गाड्यांच्या मध्ये सापडते, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि तो डोक्यावर आपटतो.

असा एक रुग्ण जवळून पाहा. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, स्ट्रेचरवर उठून बसू पाहतोय, मोबाइल मागतोय, "मला काही झालं नाही, घरी सोडा" म्हणतोय. खरचटल्याशिवाय काही दिसत नाही. पण हात गार आणि ओलसर, नाडी १२०च्या पुढे, ओठ पांढरट, आणि डावा खांदा दुखतो म्हणतो. खांद्याला काहीही लागलेलं नसतं. प्लीहेतून झिरपणारं रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. सोनोग्राफीत प्लीहेभोवती रक्त दिसतं. तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब सावरून धरतं आणि मग एकदम कोसळतं. अपघातानंतर माणूस बोलतोय, चालतोय म्हणून निर्धास्त होऊ नका.

लातुरात ही वयाची गोष्ट मला फार खटकते. ट्यूशनसाठी मराठवाडाभरातून मुलं इथे येतात. पहाटेची बॅच, रात्री उशिरापर्यंत अभ्यास, झोप चार-पाच तास, आणि बुडाखाली स्कूटी. अपुऱ्या झोपेत डोळे उघडे असले तरी मेंदू क्षण-दोन क्षण डुलकी घेतो आणि तेवढ्यात लाल दिवा मागे पडतो. शिवाजी चौकात किंवा औसा रोडवर सकाळी सहाला उभं राहून बघा, किती जण डबल सीट, ट्रिपल सीट, हेल्मेटशिवाय "मामा नाहीत" म्हणत सुटतात. पालकांनो, मुलाला शहरात ठेवताना खोली बघता, मेस बघता, तशी त्याची गाडी आणि लायसन्सही बघा. अठरा पुरं नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर कायद्याने पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला काळजी दंडाची नाही.

नांदेडची तऱ्हा थोडी निराळी. आयटीआय चौक, वजिराबाद, देगलूर नाका इथे ऑटो, बस, गुरुद्वाऱ्याला आलेले परगावचे यात्रेकरू आणि पायी चालणारे सगळे एकाच वेळी वाट काढत असतात. ज्याला शहर माहीत नाही तो हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून पुढे पाऊल टाकतो. ऊस गाळपाच्या दिवसांत लातूर-नांदेड रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. मार्च २०२५ मध्ये याच रस्त्यावर चाकूर तालुक्यातल्या नांदगाव पाटीजवळ एक दुचाकीस्वार अचानक आडवा आला, त्याला वाचवताना एसटी उलटली आणि बसमधले अनेक प्रवासी जखमी झाले. तिथे दिवा तोडण्याचा प्रश्न नव्हता. एकाने घाईत रस्ता ओलांडला आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पिवळ्या दिव्याबद्दल एक हिशेब सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगात तुम्ही सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाता. दिवा बदललेला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावरही पुढे थांबायला आणखी साधारण तेवढंच अंतर लागतं. म्हणजे २५-३० मीटर. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. म्हणून चौक जवळ आला की पाय आधीच ॲक्सिलरेटरवरून काढा. पिवळा पडला की थांबायचं, गाडी दामटायची नाही. दिवा हिरवा झाल्यावरही लगेच सुटू नका, दोन्हीकडे नजर टाका. सिग्नल बंद असेल किंवा पिवळा नुसता लुकलुकत असेल तर मोकळं रान मिळालं असं समजू नका, वेग कमी करून आधी आडवी वाहतूक बघा.

माझ्या मधुमेही रुग्णांना वेगळं सांगणं आहे. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी गाडी काढू नका. साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, समोरचं समजेनासं होतं. सर्दी-खाजेच्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते, ती घेतल्यावर गाडी दुसऱ्याला चालवू द्या. साठीच्या पुढे असाल आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या.

हेल्मेटचा मुद्दा जुना वाटेल, तरी आकडा वाचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, आणि त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट तुमच्या आधी रस्त्यावर पोचतं. मागे बसलेल्या बाईमाणसालाही ते तेवढंच लागतं.

आता, समोर अपघात झालाच तर. आधी १०८ ला फोन करा. जखमीला हातपाय धरून ऑटोत कोंबू नका, मानेचा मणका सरकला असेल तर त्याच उचलण्यात तो कायमचा अपंग होऊ शकतो. वाहत्या रक्तावर स्वच्छ रुमाल किंवा गमछा घट्ट दाबून धरा, पुनःपुन्हा उचलून बघू नका. हळद नको, चहा पावडर नको, पाणी पाजणं तर अजिबात नको, कारण पुढे भूल द्यावी लागते आणि बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात पाणी जातं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढण्याची घाई करू नका. बेशुद्ध माणसाला उलटी होऊ लागली तर दोघा-तिघांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवत त्याला कुशीवर वळवा.

वेळेला एवढं महत्त्व का, तर रक्तस्राव रोखायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं स्वस्त इंजेक्शन पहिल्या ३ तासांतच उपयोगी पडतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचं, अशी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्या हाताशी आहेत. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने कुणी मागे हटू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि पुढे ते मोटार वाहन कायद्यातही आलं. नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत जखमीवर ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होतात. तेव्हा पैशांची जमवाजमव करत घरी थांबू नका.

शेवटी घरच्या मंडळींसाठी. डोक्याला मार लागून घरी पाठवलेल्या माणसाला पहिले २४ तास एकटं ठेवू नका. कानशिलाच्या हाडाखाली एक धमनी असते. ती फाटली तर माणूस आधी ठणठणीत दिसतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. रात्री दर दोन-तीन तासांनी त्याला उठवा, नाव विचारा, कुठे आहेस ते विचारा. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, एक बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येणं, यांतलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आजोबा हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर साधं टेंगूळ आलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.