कंपायलरचं प्रगतिपुस्तक : शंभरपैकी शंभर, तरी स्क्रीन अडखळते?



अकरावी-बारावीला आयटी घेतलेली, डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटीला असलेली मुलं आता प्रोजेक्ट म्हणून मोबाईल अ‍ॅप करून आणतात. वर्गाची हजेरी, गृहपाठाची यादी, वाचनालयातली पुस्तकं असे विषय असतात. लॅबमध्ये सगळं छान चालतं. तेच अ‍ॅप घरातल्या चार-पाच वर्षं जुन्या, स्वस्त फोनवर उघडलं की यादी सरकवताना अडखळते. आपल्या उपनगरांत कित्येक घरांत एकच फोन दोन भावंडांत फिरतो. अ‍ॅप अडखळलं की मूल ते बंद करतं आणि आतला अभ्यास तसाच राहतो. म्हणून आजचा धडा असा : स्क्रीन का अडखळते, हे अंदाजाने न ठरवता नोंदी वाचून कसं शोधायचं, आणि त्या नोंदींवर किती विश्वास ठेवायचा.

आधी फलाटावर जाऊ

अंधेरी किंवा मुलुंड स्टेशनवरचा इंडिकेटर आठवा. गाडी कुठली, धीमी की जलद, डबे बारा की पंधरा, किती मिनिटांत येणार, हे सगळं एका पाटीवर दिसतं. एक मिनिट सरलं की बदलतो फक्त मिनिटांचा आकडा. बाकीचं तसंच राहतं. समजा, दर मिनिटाला कोणी शिडी लावून अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहू लागला, तर? वाचणाऱ्याला तेच दिसेल, पण लिहिणारा दमून जाईल. मोबाईलच्या स्क्रीनचं नेमकं हेच होतं. जे बदललेलं नाही तेही पुन्हा पुन्हा तयार होत राहतं, आणि जुना फोन दमतो.

यात वेळेचं गणित कडक आहे. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते. म्हणजे एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही तर ते चित्र चुकतं, आणि आपल्याला झटका जाणवतो.

कंपायलर इथे काय करतो?

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी, एवढं मुलांना माहीत असतं. चांगला दुभाषी भाषांतर करता करता फाफटपसाराही काढतो. त्यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात.

अँड्रॉइडवर स्क्रीन बांधण्यासाठी गुगलचं जेटपॅक कंपोज वापरतात. त्याची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. भाषा कोटलिन. यात स्क्रीनचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक फंक्शन. माहिती बदलली की ते फंक्शन पुन्हा चालतं. या पुन्हा चालण्याला रीकंपोझिशन म्हणतात. कंपोजचा कंपायलर आपण न सांगता प्रत्येक तुकड्यात एक तपासणी घालतो : ‘मागच्या वेळी दिलेली माहिती आणि आताची माहिती सारखीच आहे का? मग हा तुकडा वगळ.’

पण ‘सारखीच आहे’ हे ठरवायला माहिती भरवशाची हवी. विद्यार्थ्याचं नाव, हजेरी क्रमांक या गोष्टी सीलबंद पाकिटासारख्या असतात. आतलं गुपचूप बदलू शकत नाही. अशांना कंपायलर ‘स्टेबल’ म्हणतो. कोटलिनमधली साधी यादी, म्हणजे लिस्ट, मात्र झाकण नसलेल्या डब्यासारखी आहे. वरून तीच दिसली तरी मागून कोणी त्यात काही टाकलं-काढलं नाही याची खात्री कंपायलरला देता येत नाही. म्हणून ती ‘अनस्टेबल’.

नोंदी कुठे मिळतात, कशा वाचायच्या?

हे सगळे निर्णय कंपायलर लिहून देऊ शकतो. प्रोजेक्टच्या बिल्ड फाईलमध्ये अहवाल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते सांगितलं, की चार प्रकारच्या फाईली मिळतात :

१. क्लासची फाईल : माहितीचा कुठला प्रकार स्टेबल, कुठला अनस्टेबल, आणि कुठल्या घटकामुळे.
२. फंक्शनची फाईल : स्क्रीनचा प्रत्येक तुकडा ‘रीस्टार्टेबल’ (एकटा पुन्हा चालू शकतो) आहे का, ‘स्किपेबल’ (वगळता येतो) आहे का.
३. तीच माहिती तक्त्यात : स्प्रेडशीटमध्ये उघडता येते. वर्गात दाखवायला ही सगळ्यात सोपी.
४. एकूण आकड्यांची फाईल : किती तुकडे, त्यांतले किती वगळता येण्यासारखे, वगैरे.

मुलांना हे चटकन कळावं म्हणून सांगा : दुसरी फाईल म्हणजे विषयवार शेरे असलेलं प्रगतिपुस्तक, चौथी म्हणजे फक्त टक्केवारी. अहवाल मात्र रिलीज बिल्डवर काढायला लावा, चाचणीच्या डीबग बिल्डवर नको. वापरणाऱ्याच्या हातात जातं ते रिलीज बिल्ड.

वेबच्या बाजूलाही अशीच सोय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्ट कंपायलरची १.० आवृत्ती आली. त्याला एक ‘लॉगर’ जोडता येतो. कुठलं फंक्शन यशस्वीपणे सुधारलं, कुठलं सोडून दिलं आणि का, हे तो प्रत्येक फंक्शनमागे कळवतो. जे सोडून दिलं ते मोडत नाही, होतं तसंच चालू राहतं. त्यामुळेच नोंद पाहिल्याशिवाय कंपायलरने तिथे हात टेकले हे कळतच नाही.

शंभर टक्क्यांची मेख

आता धड्यातला खरा मुद्दा.

चाळीस मुलांच्या हजेरीचं अ‍ॅप घ्या. प्रत्येक मुलाची एक ओळ. ओळीला नाव मिळतं आणि गैरहजेरीच्या तारखांची यादी मिळते. यादी अनस्टेबल, म्हणून पूर्वी अहवाल म्हणायचा : ही ओळ वगळता येणार नाही. एका मुलाच्या नावापुढे खूण केली तरी स्क्रीनवर दिसणाऱ्या सगळ्या ओळी पुन्हा चालण्याची वेळ यायची. शेरा वाईट होता, पण खरा होता.

२०२४ मध्ये कोटलिन २.०.२० आलं आणि ‘स्ट्राँग स्किपिंग’ ही पद्धत आपोआप चालू झाली. आता अनस्टेबल माहिती असली तरी तुकडा वगळता येतो. अट एवढीच की यादी तीच असली पाहिजे. ‘तीच’ म्हणजे मजकूर सारखा असलेली नव्हे, तर मेमरीतली तीच वस्तू. या बदलानंतर जुनंच अ‍ॅप पुन्हा बिल्ड केलं की अहवालात ‘स्किपेबल’चा आकडा एकदम जवळजवळ पूर्ण दिसतो. मुलगा खूश, ‘सर, शंभर टक्के!’

पण त्याच्या प्रोग्राममध्ये दर वेळी गाळणी लावून नवी यादी बनत असेल, तर? मजकूर तोच, वस्तू नवी. मग ओळ वगळता ‘येण्यासारखी’ असूनही प्रत्यक्षात एकदाही वगळली जात नाही. अहवाल खोटं बोलत नाहीये. तो क्षमता सांगतोय, आणि आपण ती कामगिरी समजतोय. हुशारी आणि अभ्यास यांत आपण जो फरक सांगतो, तोच हा.

म्हणून दुसरी नोंदही बघायची. अँड्रॉइड स्टुडिओच्या लेआउट इन्स्पेक्टरमध्ये अ‍ॅप चालू असताना प्रत्येक तुकडा किती वेळा पुन्हा चालला आणि किती वेळा वगळला गेला, हे दिसतं. पहिली नोंद कंपायलरची, दुसरी प्रत्यक्ष चालण्याची. दोन्ही शेजारी ठेवल्या की दोष सापडतो.

मुलं कधी कधी आणखी एक पळवाट काढतात. माहितीच्या क्लासवर ‘ही कधीच बदलणार नाही’ असा शिक्का मारता येतो. तो शिक्का म्हणजे कंपायलरला दिलेलं वचन. ते खरं आहे का, हे कंपायलर तपासत बसत नाही. वचन देऊन आतली यादी मागच्या मागे बदलत राहिली, तर कंपायलर विश्वासाने ती ओळ वगळतो आणि स्क्रीनवर जुनीच माहिती राहते. गैरहजर मूल हजर दिसतं. आकडा सुधारला, हजेरी चुकली.

हे ज्ञान आपल्या शेजारीच आहे

कंपायलरच्या मनात काय चाललंय ते वाचायची विद्या दूर कुठेतरी नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कंपायलरवर अनेक वर्षं काम केलं. तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि जीसीसी आतून समजावणाऱ्या कार्यशाळा झाल्या. डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवर, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कुठून कुठे वाहते याच्या शास्त्रावर, त्यांचं सहकाऱ्यांसह लिहिलेलं पुस्तक २००९ मध्ये आलं. जीसीसी भाषांतर अनेक टप्प्यांत करतो, आणि सांगितलं तर प्रत्येक टप्प्यानंतर प्रोग्रामचं रूप काय झालं ते फाईलमध्ये उतरवून देतो. दोन टप्प्यांच्या फाईली शेजारी ठेवून ‘काय बदललं?’ हे विचारणं, हा कंपायलर शिकण्याचा उत्तम रस्ता आहे. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना हे मुद्दाम सांगा. आपल्या बसच्या रस्त्यावर असलं काम होतं, हे कळलं की विषय परका वाटत नाही.

वर्गातली कृती (संगणकाशिवाय, एक तासिका)

दहा मुलं रांगेत उभी करा. प्रत्येकाकडे पाटी. शिक्षक पाच वेळा चिठ्ठ्या वाटतील. दर वेळी एकाच मुलाची माहिती बदललेली असेल. एक मूल फळ्यावर ‘किती वेळा लिहिलं’ याची नोंद ठेवेल.

पहिली फेरी : सगळ्यांनी दर वेळी पाटी पुसून लिहायची. नोंद ५०.
दुसरी फेरी : चिठ्ठी वाचा, बदल असेल तरच लिहा. नोंद ५.
तिसरी फेरी : चिठ्ठी पाकिटात. आत डोकावायचं नाही. पाकीट तेच असेल तर थांबा, नवं असेल तर लिहा. शिक्षक दर वेळी सगळ्यांना नवी पाकिटं देतील. नोंद पुन्हा ५०, जरी दहाही मुलांना थांबायची मुभा होती.
चौथी फेरी : बदल नसेल त्याला जुनंच पाकीट परत. नोंद ५.

तिसऱ्या फेरीनंतर थांबा आणि विचारा : मुभा सगळ्यांना होती, मग काम का वाचलं नाही? उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

पालकांसाठी तीन प्रश्न

मुलाने ‘अ‍ॅप फास्ट केलं’ म्हटलं की कौतुक करा आणि हे विचारा. आधी किती होतं, नंतर किती झालं? कुठल्या फोनवर मोजलं, आपल्या जुन्या फोनवर बघितलंस का? आणि जो आकडा वाढला, तो वाढल्याने वापरणाऱ्याला काय फरक पडला?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही, हा विचार चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. आपण टक्केवारीच्या मागे धावणाऱ्या मुलांना हेच वेगळ्या शब्दांत सांगत असतो. स्क्रीनचा प्रत्येक तुकडा वगळता आलाच पाहिजे असंही नाही. जो क्वचित बदलतो त्यावर तास घालवण्यात अर्थ नसतो. जिथे अडखळतं तिथे मोजायचं, कारण शोधायचं, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. वहीत तारीख, बदल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा असे चार रकाने आखून द्या. पुढे ते मूल कंपायलरवर काम करो वा न करो, ही वही त्याला उपयोगी पडेल.