नाशिकची वाइन सहल: दोघांना किती खर्च येतो?

नाशिकला वाइन चाखायला जायचे म्हटले की बहुतेक जण आधी टेस्टिंगचा दर विचारतात. खरे तर सहलीतला तो लहान खर्च आहे. बिल फुगते ते तीन गोष्टींनी: शनिवार-रविवार, मळ्यातली खोली आणि गाडी. या तिन्हींचा निर्णय आधी घेतलात, तर मध्यम खर्चात दोन दिवस निवांत जातात. खालचे दर अंदाजाचे आहेत. निघण्यापूर्वी फोन करून ताजे दर विचारून घ्या.

कुठे आणि कधी

शहराला सगळ्यात सोयीचा पट्टा गंगापूर धरणाच्या बाजूचा. सुला, यॉर्क आणि गंगावऱ्ह्याची सोमा या वायनरी इथे जवळजवळ आहेत. इगतपुरी तालुक्यात संजेगावच्या बाजूला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत, तर दिंडोरीकडे शांदों. या दोन्ही बाजूंना आधी नोंदणी करूनच जावे. तिन्ही दिशा एकाच दिवसात गाठायच्या ठरवल्या, तर दिवस गाडीतच संपतो. एका दिवसाला एक पट्टा आणि दोन वायनरी पुरेत.

वेलींवर घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च हा काढणीचा काळ. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि बागा बोडक्या दिसतात. पावसाळ्यात वेल हिरवे असतात, पण द्राक्षे नसतात; मधल्या वारी गेलात तर खोल्या मात्र स्वस्त मिळतात. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे कोरडे दिवस टाळा. निवडणुकीच्या काळातही आधी चौकशी करा.

टेस्टिंग: माणशी 400 ते 1000 रुपये

यात साधारण चार ते सहा वाइन थोड्या थोड्या चाखायला मिळतात आणि बहुधा वायनरीची फेरीही असते. नोंदणी करताना चार प्रश्न विचारा. किती वाइन आणि कोणत्या? त्यात रिझर्व्ह आहे का? सुट्टीच्या दिवशी वेगळे प्रवेशशुल्क आहे का, आणि ते जेवणाच्या बिलातून वजा होते का? बरोबर न पिणारे असतील तर नुसत्या फेरीचा दर काय?

चाखताना पांढरीपासून लालकडे जा, गोड वाइन शेवटी घ्या. प्रत्येक प्याला संपवायलाच हवा असे नाही. उरलेली वाइन ओतायला आणि चाखून थुंकायला भांडे मागा. जाणकार तेच करतात आणि शेवटच्या वाइनपर्यंत त्यांची जीभ ताजी राहते.

परवाना आणि वय

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षे आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. मद्यसेवनाचा परवानाही लागतो. एका दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 आणि आजीवन 1000 रुपयांत मिळतो.

गाडी: इथे काटकसर नको

पाच नमुने म्हणजे प्रत्येकी 30 मिलिलिटर धरले, तरी 150 मिलिलिटर वाइन पोटात जाते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. धरणाकडचे रस्ते अरुंद, संध्याकाळी अंधारे, आणि त्यावर गावकऱ्यांची, शाळकरी मुलांची ये-जा असते. कायद्यापेक्षा हे कारण मोठे आहे.

मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने नाशिक रोडला उतरावे. दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित बैठकीला माणशी दीडशेच्या आत खर्च येतो. तिथून आठ तासांसाठी चालकासह गाडी दोन ते तीन हजारांत मिळते. वायनरीबाहेर परतीची रिक्षा किंवा ॲपवरची टॅक्सी मिळेलच या भरवशावर राहू नका.

मुक्काम: 7,500 चा आकडा लक्षात ठेवा

खोलीचा दर रात्रीला 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के. म्हणजे 7,400 ची खोली करासह 7,770 रुपयांना पडते आणि 7,600 ची 8,968 रुपयांना. दर सांगताना 'करासह' आकडा मागा. शहरातल्या नीटनेटक्या हॉटेलात साडेतीन हजारांत खोली मिळते. मळ्यातल्या खोलीला शनिवारी दहा हजारही पडू शकतात. मळ्यात राहायची हौस असेल तर मंगळवार-बुधवार बघा.

जेवण

सकाळी शहरात मिसळ खा, म्हणजे रिकाम्या पोटी वाइन होणार नाही. दोघांचे तीनशेत भागते. वायनरीतले दुपारचे जेवण दोघांना दोन हजारांच्या आसपास पडते. तिखट पदार्थाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्या. तुरट शिराझने तिखट आणखी झोंबते. मटणाच्या ताटाबरोबर मात्र तीच शिराझ खुलते.

बिल आले की सेवा शुल्काची ओळ बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. नम्रपणे काढायला सांगा. ऐकले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. वाइनवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे बिलात जेवण आणि वाइन यांचे कर वेगळे दाखवलेले हवेत.

बाटल्या

साधी बाटली 700 ते 1,000 रुपये, रिझर्व्ह 1,200 च्या पुढे. गावी दुकानात सहज मिळणारी वाइन इथून ओझे करून नेण्यात अर्थ नाही. फक्त वायनरीतच मिळते ती विचारा. बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. सुरत-बडोद्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, गुजरातेत दारूबंदी आहे. बाटली बरोबर नेऊ नका.

दोघांचा हिशेब: मुंबईहून, मधल्या वारी, एक रात्र

- रेल्वे जाऊन-येऊन: 600
- दिवसभराची गाडी: 2,500
- दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत: 800
- दोन वायनरींत टेस्टिंग: 2,400
- मिसळ, दुपारचे आणि रात्रीचे जेवण: 3,300
- शहरातली खोली, करासह: 3,675
- दोन बाटल्या: 2,000
- एकूण: 15,275 रुपये

हीच सहल शनिवारी, मळ्यातल्या दहा हजारांच्या खोलीसह केली, तर फक्त खोलीपायी आकडा 23,400 वर जातो. दोन्ही हिशेबांत टेस्टिंगचा वाटा एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्श्याहून कमी आहे.

खर्च आवरायचाच असेल तर आधी बाटल्या वगळा, मग दुसरी वायनरी. चालकाची गाडी आणि दुपारचे निवांत जेवण मात्र राहू द्या. एकीमुळे सगळे सुखरूप परततात, आणि जेवणाच्या टेबलावर दोन तास बसल्यावरच सकाळी चाखलेल्यातले काय आवडले ते नीट कळते.