लायनिंगच्या कापडाने शिकवलेलं

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचं म्हणजे एकाच कापडाला तीन भाषांत ओळखावं लागतं. सगरोळी-कुंडलवाडीकडचं गिऱ्हाईक लायनिंगचा शर्ट मागतं. उर्दू बोलणाऱ्या भाभी धारीदार म्हणतात. पलीकडे तेलंगणातल्या बोधनहून माहेरी आलेली लेक "चारला" म्हणून बोट दाखवते. सासऱ्यांच्या हाताखाली मी कात्री धरायला शिकले. ते साध्या कापडाला फार वेळ देत नसत, पण रेघांचं कापड आलं की बाकीचं काम बाजूला ठेवत. तसं का, ते मला हळूहळू कळत गेलं. त्यातलं थोडं इथे लिहिते.

१. लायनिंग म्हणजे काय, ते आधी विचारावं.

ब्लाउज म्हटला की लायनिंग म्हणजे अस्तर. शर्ट म्हटला की लायनिंग म्हणजे रेघा. इथवर कुणाचा गोंधळ होत नाही. घोळ होतो तो कुर्त्याला. "मावशी, लायनिंगचा कुर्ता शिवा," असं फोनवर सांगणाऱ्या मुलीला आत कॉटनचं अस्तर हवं असतं की अंगावर उभ्या रेघा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. रेघा बारीक असल्या तर लायनिंग, बोटभर रुंद असल्या तर पट्टे आणि सुटाच्या कापडावर केसासारख्या असल्या तर पिनस्ट्राइप, अशी आमच्याकडची साधारण वाटणी आहे. वहीत मी शब्द लिहीत नाही, कापडाचा तुकडाच टाचून ठेवते.

२. कापड उलटं करून बघावं.

विणलेली रेघ दोन्ही बाजूंनी दिसते. उभी रेघ ताण्याच्या रंगीत धाग्यांनी येते, आडवी बाण्याच्या. ती धाग्याबरोबरच चालते, म्हणून रेघेवर कात्री चालवली की कापड आपोआप सरळ कापलं जातं. छापलेल्या रेघेचं तसं नाही. छपाई तिरकी झाली असेल तर रेघ एकीकडे जाते आणि धागा दुसरीकडे. रेघ धरून कापलं तर दोन धुण्यांत शर्ट पिळवटतो, धागा धरून कापलं तर रेघ वाकडी दिसते. असं कापड मी हातात घेतानाच सांगते की यात दोन्ही साधणार नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचा कोपराही ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रंग सुटत असला तर तो तिथेच कळतो.

३. जादा कापड आणि जादा मजुरी आधीच मागावी.

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "साध्या शर्टाला लागतं तेवढंच कापड आणलंय, ताई." पण रेघा जुळवायच्या तर प्रत्येक तुकडा वर-खाली किंवा पुढे-मागे सरकवून कापावा लागतो आणि मधलं कापड वाया जातं. पट्टे जेवढे रुंद, तेवढं वाया जास्त.

काम कसं चालतं ते सांगते. कापडाची दुहेरी घडी घालताना वरच्या थरातली रेघ खालच्या थरातल्या त्याच रेघेवर बसली पाहिजे. हातभर अंतरावर टाचण्या लावल्याशिवाय ती तशी राहत नाही. पुढचे दोन भाग आधी कापायचे. बटणपट्टी मिटली की एका बाजूची रेघ दुसरीकडच्या रेघेत विरून गेली पाहिजे. खिसा शेवटी. खिशाचं कापड छातीवर ठेवून, रेघेवर रेघ लावून, खडूने खूण करून मगच कापायचं. चांगला बसलेला खिसा चार हातांवरून दिसत नाही, तिथे खिसा आहे हे पेन लावल्यावर कळतं. कॉलरच्या मधोमध जी रेघ येते तीच पाठीच्या मधोमध आली पाहिजे.

रेघांचा क्रम उजवीकडून आणि डावीकडून सारखाच असेल तर तुकडा फिरवून लावता येतो. निळी, पिवळी, हिरवी असा एकाच दिशेने चालणारा क्रम असेल तर फिरवता येत नाही, म्हणून कापड आणखी लागतं. तयार कपड्यांच्या दुकानात स्वस्त शर्टाचा खिसा बघा, रेघ तुटलेली दिसेल. तिथे वेळ वाचवलेला असतो. आमच्या गावातल्या माणसाला जुळलेल्या रेघेचा शर्ट मिळावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्या वेळेची मजुरी मागताना मला संकोच वाटत नाही.

४. "आडव्या रेघांनी जाड दिसतं" हे डोळे झाकून मानू नये.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ च्या सुमारासच दाखवून दिलं होतं की दोन सारखे चौकोन घेतले तर आडव्या रेघांचा चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच कपड्यांवर तपासलं, आणि आडव्या रेघांनी बाई जाड दिसते हा समज त्यांना खरा आढळला नाही. माझ्या अनुभवात जाड दिसणं येतं ते बेताच्या मापामुळे. पोटावर कापड ताणलं की आडवी रेघ वाकते आणि वाकलेली रेघ लगेच डोळ्यांत भरते. म्हणून माप थोडं सैल घ्यावं आणि बाईला आवडतं ते घालू द्यावं.

५. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला हलकं काम समजू नये.

धोतराखाली घालायची, नाड्याची, गुडघ्यापर्यंतची. आजही जुने शेतकरी ती शिवूनच घेतात. नेफा रुंद हवा, बैठक ऐसपैस हवी आणि आतला खिसा खोल हवा, कारण आडतीवरून मिळालेले पैसे त्याच खिशातून घरी येतात. त्या खिशाला मी दुहेरी टीप मारते.

६. काही रेघांना मान असतो, तो जपावा.

हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फिती नेमक्या उंचीवर बसल्या पाहिजेत. तिथे मी पट्टीने मोजते, अंदाजाने लावत नाही.

तिरंग्याचं तर आमच्या भागाशी नातंच आहे. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि तिचं ध्वजाचं कापड लातूर जिल्ह्यात उदगीरला विणलं जातं. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेत पॉलिएस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालतं. घरोघरी झेंडा पोहोचला ही चांगलीच गोष्ट, पण उदगीरच्या मागावरचं काम त्यामुळे कमी होऊ नये असं मला फार वाटतं. म्हणून कुणी विचारलं तर मी खादीचाच झेंडा घ्यायला सांगते.

ऑगस्ट लागला की शाळेच्या कार्यक्रमासाठी आया येतात. "घागऱ्यावर तीन पट्टे लावा अन् मधी चक्र काढा." राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा आहे. २००५ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रध्वज कमरेखालच्या पोशाखात वापरता येत नाही. हे मी आईला समजावून सांगते आणि पर्याय देते: पांढरा घागरा, हिरवं पोलकं आणि खांद्यावरून केशरी ओढणी. बहुतेक जणी लगेच हो म्हणतात. मुलगी मात्र चक्रासाठी हटून बसते, तेव्हा तिच्यासाठी कागदाचा छोटा झेंडा गल्ल्याशेजारी ठेवलेला असतो.