भीती सरते, तिचा गंज राहतो

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी गणपतीविसर्जन झाले होते. माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जड भिंती व माळवदे कोसळून हजारो दगावले. जे वाचले, त्यांतील कित्येकांना पुढे झोप येईना, छताखाली जाण्याची भीती वाटे, जरा खडखडले की छाती धडधडे. आपल्या शेजारच्या डहाणू-तलासरी भागातही नोव्हेंबर २०१८ पासून वारंवार धक्के बसू लागले, तेव्हा लोक घर सोडून उघड्यावर झोपत.

अशी भीती बहुतेकांची हळूहळू ओसरते. पण ती महिनाभराहून अधिक टिकली, तोच प्रसंग स्वप्नात व डोळ्यांपुढे येत राहिला, माणूस त्या जागेचे नावही टाळू लागला, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. भूकंपच हवा असे नाही. रस्त्यावरचा अपघात, कारखान्यातील आग, घरातील मारहाण यांनीही तो जडतो.

शरीरात काय घडते?

ओला विळा तसाच टाकला, तर हवेतील प्राणवायूने गंजतो. आपल्या पेशीही प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळून शक्ती मिळवतात. त्या जळण्यातून ठिणग्यांसारखे उग्र कण निघतात. ते विझवणारी द्रव्ये शरीर स्वतः तयार करते. कण फार झाले व विझवणारी द्रव्ये अपुरी पडली, की पेशींना इजा होते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

मेंदूला हा धोका अधिक. वजनाने तो शरीराचा सुमारे २ टक्के, पण प्राणवायू सुमारे २० टक्के वापरतो. शिवाय त्यात चरबी पुष्कळ, आणि चरबीला ही इजा लवकर होते. भीतीची घंटा रात्रंदिवस वाजत राहिली, की हा भार वाढतो. प्रयोगात उंदरांना मांजराजवळ ठेवले, तेव्हा त्यांच्या मेंदूत अशा इजेच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. काही रुग्णांच्या रक्तातही त्या दिसल्या आहेत. मात्र ही इजा आजाराचे कारण की परिणाम, हे अजून ठरलेले नाही.

यावरून काय शिकावे?

१. असा माणूस भित्रा नव्हे, ढोंगी नव्हे; त्याला बाहेरची बाधाही नाही. त्याचे शरीरच थकलेले आहे. त्याला हिणवू नये.

२. आवळा, शेवग्याचा पाला, हिरव्या भाज्या खाव्यात. प्रकृतीला त्या चांगल्या. पण त्यांनी किंवा टॉनिकच्या बाटलीने हा आजार बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. त्यावर पैसे उधळू नयेत.

३. झोपेसाठी ताडी किंवा मोहाची दारू घेऊ नये. दारू व विडी या दोन्हींनी हाच गंज वाढतो.

४. खरा उपचार म्हणजे जाणकाराशी ठरावीक पद्धतीने बोलणे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली गोळी. ती मध्येच बंद करू नये.

सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीबेरात्रीही फुकट बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, आणि शेतात मारायची औषधे कुलपात ठेवावीत.