हंडा सापडण्याआधी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

श्रीगुरुचरित्राच्या १८ व्या अध्यायातील घेवड्याच्या वेलाची कथा आपणा सर्व दत्तभक्तांना ठाऊक आहे. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, भिक्षेवर चालणारा संसार. भिक्षा मिळाली नाही की दारच्या घेवड्याच्या शेंगा शिजवायच्या आणि दिवस काढायचा. श्रीनृसिंहसरस्वती त्याच्या घरी भिक्षेला आले. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून शेंगांचीच भाजी वाढली. महाराज तृप्त झाले, आणि जाताना तो वेलच तोडून गेले! बायको-मुलं रडू लागली. पुढे ब्राह्मण वेलाचं मूळ खणायला गेला, तेव्हा धनाचा हंडा हाती लागला.

पारायणात आपलं लक्ष हंड्याकडे जातं. पण या अध्यायाचं मर्म मला त्याच्या आधी दिसतं. वेल तुटलेला, उद्याची सोय नाही, बायको गुरूंना बोल लावते आहे. अशा वेळी ब्राह्मण तिला समजावतो की पोसणारा ईश्वर आहे, यतीला दोष देऊ नकोस. तेव्हा त्याला हंड्याची कल्पनाही नव्हती. हंडा मिळाल्यावर ठेवलेला विश्वास म्हणजे नुसता व्यवहार.

कोणी विचारेल, सगळ्यांनाच हंडा कुठे मिळतो? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातलं माझ्या थोरल्या बहिणीचं घर पाण्यात गेलं. दोन म्हशी गेल्या, धान्य कुजलं. पाणी ओसरल्यावर मी पोचलो, तर अक्का म्हणाली, "अरे, रोज वाडीकडे तोंड करून हात जोडते मी. मग माझ्याच गोठ्यावर का रे?" मला उत्तर देता आलं नाही. 'प्रारब्ध' म्हणून तिला गप्प करणं बरं वाटेना. मी फावडं घेतलं आणि चिखल काढू लागलो.

बँकेत एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही तर आम्ही ती सस्पेन्स खात्यात ठेवत असू. म्हणून कोणी खातेवही फाडत नसे. उलगडा होईपर्यंत नोंद जपायची आणि दुसऱ्या दिवशी काम चालू ठेवायचं. अक्काच्या म्हशींचा हिशेब मी तसाच ठेवला आहे.

विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. नृसिंहवाडीलाच पाहा. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वेळेत उंचावर हलवतात, पूजाअर्चा तिथे चालू राहते. उत्तरेच्या दारातून आलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला भक्त जमतात. महाराज बघून घेतील म्हणून मूर्ती कोणी पाण्यात सोडत नाही, आणि पाणी आलं म्हणून पूजा कोणी सोडत नाही. आपणही सूचना मिळताच घर सोडावं, जनावरं आधी हलवावीत, त्यांचा विमा उतरवावा. श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

त्या मार्गशीर्षात भाऊजींनी सप्ताह केला. पोथी पुरात गेलेली, म्हणून शेजाऱ्यांची मागून आणली. अक्का रोज ऐकायला बसायची. म्हशी परत आल्या नव्हत्या, गोठा रिकामाच होता. अठरावा अध्याय आला तेव्हा ती उठून गेली नाही, एवढं मी पाहिलं. येत्या दत्तजयंतीला महाराजांकडे मागायचं झालं तर तेवढं बळ मागू या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!