सायकलची दिंडी: नगर ते पंढरपूर

पायी वारीसाठी पंधरा-वीस दिवसांची रजा मिळत नाही, आणि गाडीत बसून पंढरपूर गाठलं तर वारी केल्यासारखं वाटत नाही. अशा माणसांना सायकल हा फार चांगला मार्ग आहे. २०१२ साली पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिक-पंढरपूर सायकलवारी सुरू झाली. त्या वारीचा मुक्काम नगरला पडतो. त्या सायकलवाल्यांना चहा-पोहे देता देता आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या मनात आलं, की आपणही निघावं.

इथे दिलेली कृती नगर ते पंढरपूर या रस्त्याची आहे: अंतर सुमारे १८० किलोमीटर, दिवस दोन, माणसं तीस, आणि या निमित्ताने एका संस्थेसाठी मदत. आकडे कमी-जास्त करा, पण कामांचा क्रम बदलू नका.

सुरुवात हिशेबापासून

सायकलीला हात लावायच्या आधी मदत कोणाला द्यायची ते ठरवा. तीन महिने आधी त्या संस्थेत सगळ्यांनी जाऊन या. नगर-शिर्डी रस्त्यावर शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर सोडून दिलेल्या, मानसिक आजार असलेल्या स्त्रियांना तिथे घर मिळतं. १९८९ पासून काम करणारं स्नेहालय तर नगरातच आहे. संस्था कोणतीही निवडा, पण तिथे नेमकं काय कमी पडतं ते विचारा. कुठे औषधं हवी असतात, कुठे गाद्या, कुठे वर्षभराची ज्वारी. 'मदत करा' म्हटल्यावर लोक मान हलवतात. 'चाळीस गाद्या घ्यायच्या आहेत' म्हटल्यावर खिशात हात घालतात.

मदत मागण्याची सोपी रीत म्हणजे किलोमीटरला एक रुपया. एका देणगीदाराचे १८० रुपये होतात, तेवढे दुकानदारही देतो आणि शाळेतले शिक्षकही. तीस जणांनी प्रत्येकी दहा माणसं जोडली तर ५४ हजार उभे राहतात. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती संस्थेचीच असू द्या. ८०जी खाली करसवलत हवी असेल त्यांना आधीच सांगा, की दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीत दिली तर ती सवलत मिळत नाही. स्वतः वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळांप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची ४१ (क) ची परवानगी आधी घ्या.

आणि एक गोष्ट पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून कबूल करून घ्या: टी-शर्ट, जेवण, टेम्पोचं डिझेल, मुक्काम यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. देणगीतला एक रुपयाही आपल्या पोटात जाता कामा नये. जिथे हे ठरवलं जात नाही, तिथे परतल्यावर कुजबुज होते, आणि मग पुढच्या वर्षी तोच देणगीदार दार उघडत नाही.

दिवस कोणता

आषाढी एकादशीच्या आठवड्यात सायकली काढू नका. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर, मिरजगाव, करमाळा याच वाटेने जाते. पायी चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गर्दीत घंट्या वाजवत घुसणं बरं नाही. पालखी येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जाऊन या. त्या सुमाराला ज्येष्ठ शुद्ध एकादशी येते, म्हणजे निर्जला एकादशी. दिवस मोठा पुण्याचा आहे, पण सायकलवर असताना निर्जला उपवास धरू नका. आमच्यातल्या एका काकांनी कोणाला न सांगता तो धरला होता. मिरजगावच्या पुढे ते सायकलवरून उतरले, झाडाखाली बसले, आणि मला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारू लागले. माणूस असं असंबद्ध बोलू लागला की ती उष्माघाताची खूण असते. त्यांना आडवं करून अंगावर पाणी ओतलं, ओल्या धोतराने वारा घातला आणि १०८ ला फोन केला. ते बरे झाले, पण तेव्हापासून मी निघण्याआधी प्रत्येकाला समोर उभं करून विचारतो, "माऊली, उपवास आहे का? असला तर पाणी चालतं का?" फराळाचा उपवास असेल तर शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, केळी यांवर माणूस उत्तम सायकल चालवतो. पाण्याला मात्र नाही म्हणणाऱ्याने त्या दिवशी टेम्पोत बसावं.

आठ आठवड्यांचा सराव

पहिले दोन आठवडे रोज पंधरा किलोमीटर. मग आठवड्यातून एक लांब फेरी वाढवत न्या: तीस, पन्नास, सत्तर. चढाची सवय चांदबीबी महालावर होते. नगरकर म्हणतात चांदबीबी महाल, प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. पाथर्डी रस्त्याने जाऊन वर चढा, खाली या, पुन्हा चढा. शेवटची मोठी फेरी निघण्याच्या दहा दिवस आधी नेवाशाची करा. तिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पैस खांबाला टेकून ज्ञानोबांनी ती सांगितली असं आपण मानतो. त्या खांबासमोर घटकाभर बसून माघारी फिरलं, की जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात. ज्याला हे झेपलं त्याला पंढरपूर झेपेल. नंतरचे दहा दिवस फक्त हलक्या फेऱ्या.

सायकल

गिअरची महागडी सायकल लागत नाही. साध्या काळ्या सायकलवर पंढरपूर केलेले शेतकरी मी पाहिले आहेत. सीटची उंची मात्र नीट हवी: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट खाली असली की शंभर किलोमीटरनंतर गुडघा बोलू लागतो. ब्रेकचे रबर, चेनचं तेल, टायरची धार हे सगळं पंधरा दिवस आधी पाहून घ्या. नवं टायर आदल्या दिवशी घालू नका, त्याच्यावर आधी दोन फेऱ्या होऊ द्या.

आपल्या रस्त्याचा खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. कर्जत-करमाळ्याकडे रस्त्याच्या कडेला शेळ्यांसाठी तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात, आणि वाऱ्याने काटे डांबरावर येतात. पंक्चर झालं की पुष्कळ जण नवी ट्यूब घालतात आणि दहा मिनिटांत पुन्हा खाली बसतात, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून सुती फडकं टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवू नका, रक्त निघतं. काटा बाहेरून पक्कडीने ओढा, मग ट्यूब घाला. माणशी दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, आणि दर पाच जणांत एक पंप एवढं सामान पुरतं.

दिंडीचा क्रम

दिंडीत पताकावाले पुढे असतात, मधे टाळकरी, आणि विणेकरी त्यांच्या मागे. सायकलींची रचनाही अशीच करा. पुढे रस्ता माहीत असलेला माणूस, मधे बाकीचे, आणि सर्वांत अनुभवी माणूस सर्वांत शेवटी. त्याच्या मागे कोणीही नसेल. तो कोणाला ओलांडणार नाही आणि कोणाला सोडणारही नाही. बहुतेक गट उलट करतात: दमदार पोरं पुढे निघून जातात, आणि एखादी ताई किंवा पासष्टीचे आजोबा दोन किलोमीटर मागे एकटे पडतात. मग नवखा माणूस घाई करतो, घाईत पाणी पीत नाही, आणि दुपारपर्यंत मोडतो. म्हणून वेग शेवटच्या सायकलीचा. ताशी पंधरा-सोळा किलोमीटर पुष्कळ झाला.

तीस जण एका ओळीत चालवू नका. ट्रकवाल्याला ओलांडता येत नाही. दहा-दहाच्या तीन तुकड्या करा आणि मधे पाव किलोमीटर मोकळा सोडा. तुकडीत एकामागे एक, दोन सायकलींत एका सायकलीएवढं अंतर. प्रत्येक तुकडीला एक चोपदार नेमा, त्याच्याकडे शिट्टी. एक शिट्टी म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा. पुढच्याने खड्डा पाहिला की ओरडायचं "खड्डा", आणि तो शब्द शेवटपर्यंत पोचवायचा. मोठा आवाज नसलेल्यांनी हाताने खूण करावी.

पताका मोठी घेऊ नका. वाऱ्यात ती हँडल फिरवते. मागच्या कॅरिअरला वीतभर भगवी बांधा.

पहिला दिवस: नगर ते करमाळा

पहाटे साडेचारला जमा. नगरात आरती करून अंधारातच निघायचं, म्हणून मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारं जाकीट याशिवाय कोणालाही रांगेत घेऊ नका. आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी कळवलेलं असावं.

सोलापूर रस्ता धरून रुईछत्तीशी, घोगरगाव, मिरजगाव. पहिला चहा सूर्य वर आल्यावर. नगर पंढरपुरापेक्षा जवळपास दोनशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे एकूण वाट उताराची आहे. पण सुरुवातीला हलकं वाटतं म्हणून जोर लावू नका, कारण वारा पुढे भेटतो. जूनमधला वारा पश्चिमेकडून येतो आणि आपण आग्नेयेकडे चाललेलो असतो, म्हणजे तो उजव्या अंगावर आदळतो. त्या वाऱ्याला टेकून सायकल चालवायची सवय होते, आणि तेवढ्यात ट्रक शेजारून जातो. क्षणभर वारा अडतो, सायकल उजवीकडे, ट्रककडे ओढली जाते. ट्रक गेला की पुन्हा डावीकडे ढकलली जाते. ट्रकचा आवाज मागून आला की दोन्ही हात हँडलवर, कोपर सैल, आणि पायडल थांबवू नका. नवख्यांना हे सरावातच शिकवा.

दर तासाला थोडं खा, तहान लागायच्या आधी प्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचं माप आहे. चमचा चहाचा, आणि सपाट. लघवी गडद पिवळी झाली तर तो माणूस कमी पाणी पितोय असं समजा.

वाटेत गावकरी थांबवतात. पिठलं-भाकरी, ताक, कधी नुसतं 'रामकृष्णहरी' आणि हातावर गूळ. नाही म्हणू नका. अशा वेळी संस्थेचं काम दोन मिनिटांत सांगावं. मिरजगावच्या पुढे, इथून फार लांब नाही, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी. तीर्थांच्या वाटांवर विहिरी, घाट, धर्मशाळा उभ्या करणारी बाई याच कोरड्या मुलखात जन्मली. एखाद्या वर्षी मुक्काम वाढवून तिथे जरूर जा.

अकरा ते चार सावलीत थांबा. संध्याकाळी करमाळा. कमलाभवानीचं दर्शन, हरिपाठ, आणि नऊला झोप. झोपण्याआधी चेन पुसायची, टायर तपासायचं, आणि बूड दुखत असेल तर खोबरेल लावायचं. लाजून कोणी सांगत नाही, म्हणून चोपदाराने स्वतःच विचारावं.

दुसरा दिवस

टेंभुर्णीपर्यंत रस्ता मोठा आणि वाहनं फार. इथे गप्पा बंद. टेंभुर्णीनंतर करकंबच्या रस्त्याला लागलं की उसाचं हिरवं रान दिसू लागतं. या टप्प्यावर पाय दुखत असतात आणि मन पुढे धावत असतं; पडण्याचे प्रसंग मी याच टप्प्यात पाहिले. शेवटचे दहा किलोमीटर तिन्ही तुकड्या एकत्र करा आणि वेग आणखी कमी करा. भीमा ओलांडताना पुलावर फोटोसाठी थांबू नका.

पंढरपुरात शिरल्यावर शेवटी आलेल्या माणसाला पुढे घ्या. कळस त्याला आधी दिसू द्या. घामेजलेल्या तीस माणसांनी पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायला हवंच असं नाही. नामदेव पायरीवर माथा टेकवला आणि कळसाचं दर्शन झालं की वारी पोचली; ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबावं. चंद्रभागेत पाय धुवा, पोहायला उतरू नका. पात्रात खोल खड्डे आहेत.

परतीला सायकली टेम्पोत, माणसं एसटीने. टेम्पोत दोन सायकलींमध्ये पोती घाला, पायडल उलट दिशांना ठेवा, नाहीतर चाकांचे आरे वाकतात.

आठ दिवसांत हिशेब लिहून काढा: किती आले, संस्थेत किती जमा झाले, कशावर खर्च झाले, आणि प्रवासाचा खर्च कोणी केला. तो कागद देणगीदारांना पाठवा आणि आपल्या गल्लीतल्या देवळाच्या फळ्यावरही लावा. गाद्या पोचवायला मात्र सायकलवरच जा, सगळे तीस जण.